आंबा : फळाच्या टिकाऊपणाची आनुवंशिकी

झाडावरून उतरविलेले आंब्याचे फळ पिकून, खाण्याच्या योग्यतेस येऊन पुढे नासू लागेपर्यंत जो काळ जातो, त्यास त्या फळाचा टिकाऊपणा म्हणतात. हा काळ तापमान, आर्द्रता, हाताळणी आणि फळ उतरविताना त्याची झालेली वाढ यांवर अवलंबून असतो. परंतु एकाच बागेतून एकाच दिवशी उतरवून एकाच अढीत घातलेल्या दोन जातींच्या फळांतही तो सारखा नसतो. पायरी लवकर मऊ पडते, हापूस तिच्या मागून काही दिवस टिकतो, तर नीलम व तोतापुरी या दक्षिणेकडील जाती चांगल्याच चिवट असतात. हा फरक कलमाबरोबर जसाच्या तसा नव्या झाडात उतरतो; म्हणजे तो आनुवंशिक आहे. तो कोणत्या जनुकांमुळे पडतो व टिकाऊ जातीतील ती जनुके स्वादिष्ट जातीत आणता येतील काय, या प्रश्नांचा शोध विसाव्या शतकात सुरू झाला. या शोधात एक अडचण पुन:पुन्हा पुढे आली. फळ नासविणारी रासायनिक क्रिया आणि फळाला गंध व माधुर्य देणारी क्रिया या पुष्कळ अंशी एकाच संकेताने सुरू होतात. त्यामुळे एक थांबविताना दुसरीला धक्का न लावणे कठीण जाते.

फळ टिकविण्याचे उपाय आनुवंशिकीपेक्षा पुष्कळ जुने आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्लने लिहिलेल्या आईन-इ-अकबरी या ग्रंथात अशी कृती दिली आहे : अर्धवट पिकलेला आंबा सु. दोन बोटे देठासह काढावा, देठाचे तुटलेले टोक कोमट मेणाने बंद करावे व फळ लोण्यात किंवा मधात ठेवावे; म्हणजे दोन-तीन महिने त्याची चव राहते. मुदतीचा आकडा सढळ वाटला, तरी देठ राखण्याची सूचना अचूक आहे. देठ मुळाशी तुटला की चीक वाहतो. तो सालीवर ओघळल्यास साल भाजून काळे डाग पडतात आणि देठाच्या उघड्या जागेतून कुजविणाऱ्या कवकांना वाट मिळते. शिवाय सालीतील चीकनलिकांत राहणाऱ्या चिकात कवकांना रोखणारी द्रव्ये असतात, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसून आले. कोकणात झेल्याने देठासकट आंबा उतरविण्याची चाल याच अनुभवावर उभी आहे. अढीचेही तसेच. पेंढ्यात थर लावून आंबे पिकविताना पिकू लागलेले एक फळ शेजारच्या फळांना पिकविते, हे बागायतदारांना फार पूर्वीपासून माहीत होते. त्याचे कारण मात्र विसाव्या शतकात कळले.

टिकाऊपणाच्या आनुवंशिकीचा खरा आरंभ कलमांच्या प्रसारात शोधावा लागतो. कोयीपासून वाढलेले रायवळ झाड सहसा आपल्या मातृवृक्षासारखे निपजत नाही. एखाद्या झाडाचे फळ गोड व टिकाऊ असले, तरी त्या झाडाबरोबर तो गुणसमुच्चय नष्ट होई. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात भेट कलमाची पद्धत रूढ झाली आणि निवडक झाडांचे गुण त्यांच्या मृत्यूनंतरही टिकू लागले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात राहिलेला व्हेनिसचा प्रवासी निकोलाओ मनुची याने गोव्याच्या आंब्यांची वाखाणणी करून त्यांची नावे दिली आहेत. त्यांत अफोंसो हे नावही आढळते. हापूस या नावाचा उगम याच शब्दात आहे. गोव्यातून उत्तरेस कोकणात पसरलेल्या कलमांपैकी हापूसला पुढे जे अग्रस्थान मिळाले, ते केवळ चवीमुळे नव्हे. गलबताने व पुढे आगगाडीने मुंबईच्या बाजारापर्यंत धड पोहोचणारे ते फळ होते. पायरीची चव कित्येकांना हापूसच्या तोडीची वाटते, परंतु तिला हा प्रवास तितकासा मानवत नाही. हापूस ही आपल्या काळातील टिकाऊ जात होती, याचे आज विस्मरण झाले आहे.

फळ पिकते म्हणजे काय होते, याचा उलगडा प्रथम सफरचंदाच्या अभ्यासातून झाला. केंब्रिज येथील फ्रँक्लिन किड व सिरिल वेस्ट यांनी १९२० नंतरच्या दशकात दाखविले की, तोडलेल्या फळाचे श्वसन प्रथम मंदावते, मग एकाएकी चढते, शिखर गाठून पुन्हा उतरते आणि या चढाबरोबरच फळ पिकते. आर. गेन यांनी १९३४ मध्ये पिकणारे सफरचंद स्वत:च एथिलीन वायू बाहेर टाकते हे सिद्ध केले. शेजारचे फळ पिकविणारा अदृश्य घटक तो हाच. आंब्याच्या बाबतीत वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद येथे सी. डब्ल्यू. वॉर्डलॉ व ई. आर. लेनर्ड यांनी साठवणीचा अभ्यास करून १९३६ मध्ये तो प्रसिद्ध केला. पुण्यास जी. एस. चीमा, डी. व्ही. करमरकर व बी. एम. जोशी यांनी शीतगृहातील आंब्यावर दीर्घकाळ काम केले. करमरकर व जोशी यांचे हापूसच्या श्वसनावरील संशोधन १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. हापूसमध्येही श्वसनाचा असाच चढ येतो. त्यामुळे प्रश्नाला नेमके रूप आले. हा चढ केव्हा सुरू होतो, किती तीव्र असतो व त्यानंतर गर किती वेगाने मऊ पडतो, हे तीन फरक जातीजातींत वेगवेगळे असतात आणि टिकाऊपणा म्हणून जो एक गुण दिसतो तो वस्तुत: या तिहींचा एकत्रित परिणाम असतो.

या काळातच एक प्रतिकूल अनुभवही नोंदला गेला. मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याने १९३२ व १९३३ साली यूरोपला आंबा पाठविण्याचे प्रयोग केले. चीमा व दाणी यांनी १९३४ मध्ये त्यांचा वृत्तांत लिहिला व त्यात हापूसमधील साक्याची नोंद केली. साका पडलेले फळ बाहेरून निर्दोष दिसते. कापल्यावर कोयीभोवतीचा गर पांढुरका, सच्छिद्र व आंबूस आढळतो. पेटी उघडूनही ज्याचा पत्ता लागत नाही असा हा दोष दूरच्या व्यापाराला विशेष घातक ठरला.

टिकाऊपणाच्या निवडीची सर्वांत बोधक कथा मात्र अमेरिकेतील फ्लॉरिडात घडली, आणि तिचे बीज महाराष्ट्राशी निगडित असलेल्या मुंबई इलाख्यातून गेले. अमेरिकेच्या कृषी खात्याने १८८९ मध्ये तेथून आंब्याची कलमे मागविली. पाम बीच भागात एल्ब्रिज गेल यांच्याकडे लावलेल्या कलमांपैकी १८९४-९५ च्या हिवाळ्यातील कडाक्याच्या थंडीतून मलगोबा जातीचे एकच झाड वाचले. १८९८ मध्ये त्याला फळ आले. या झाडाच्या कोयी जॉन हेडन या निवृत्त कप्तानाने कोकोनट ग्रोव्ह येथे १९०२ मध्ये लावल्या. १९०३ मध्ये तो मरण पावला. त्याच्या पत्नीने रोपे जोपासली आणि १९१० मध्ये त्यांपैकी एकाला लालभडक सालीचे मोठे फळ धरले. तीच हेडन ही जात होय. तिचा पिता कोण, हे त्या वेळी सांगता येणे शक्य नव्हते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डीएनए-खुणांच्या आधारे फ्लॉरिडातील जातींची वंशावळ तपासली गेली, तेव्हा वेस्ट इंडीजमार्गे तेथे पोहोचलेल्या टर्पेंटाइन या चोथट, उग्र वासाच्या आंब्याचे पितृत्व संभवनीय ठरले. टर्पेंटाइन खाण्यासाठी कोणी आवर्जून लावीत नसत. त्याचा उपयोग मुख्यत्वे कलमाच्या खुंटासाठी होई.

हेडनच्या कोयीपासून फोर्ट लॉडरडेल येथे १९२० नंतरच्या दशकात वाढलेले एक झाड पुढे टॉमी ॲटकिन्स या नावाने प्रसिद्ध झाले. त्याचे फळ देखणे, जाड सालीचे व प्रवासात न दबणारे होते. करपा रोगालाही ते बऱ्यापैकी तोंड देई. परंतु गरात चोथा होता व चव बेताची. १९५० नंतरच्या दशकात फ्लॉरिडातील आंबा-उत्पादकांच्या निवड समितीपुढे ते ठेवले गेले, तेव्हा चवीच्या कारणास्तव समितीने ते नाकारले. व्यापाऱ्यांनी ते स्वीकारले. पुढे मेक्सिको व ब्राझील येथून अमेरिका व यूरोपला जाणाऱ्या आंब्यांत या जातीने दीर्घकाळ मोठा वाटा उचलला. तज्ञांची जीभ व बाजाराचे गणित यांत बाजाराचा जय झाला, असे याचे वर्णन करता येईल. परंतु आनुवंशिकीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट ही की, ज्या चोथ्यामुळे फळ खाताना नकोसे होते तोच चोथा त्याला पेटीत आधार देतो. अवगुण आणि गुण यांचे मूळ एकच आहे.

असे योगायोगाने मिळणारे संयोग हेतुपुरस्सर घडवून आणण्याचे पहिले पद्धतशीर प्रयत्न भारतात डब्ल्यू. बर्न्स व एस. एच. प्रयाग यांनी १९११ पासून पुण्यास केले. आंब्याचे संकरण हे चिकाटीची कसोटी पाहणारे काम आहे. हजारो फुलांच्या मोहोरातून एखाददुसरे फळच पक्वतेस पोहोचते, प्रत्येक फळात एकच कोय असते आणि कोयीपासूनच्या रोपाला फळ येण्यास पाच-सात वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. आंब्याची प्रत्येक जात आनुवंशिक दृष्ट्या अतिशय मिश्र असल्याने एकाच जोडीची संतती परस्परांहून भिन्न निघते. दक्षिणेकडील व आग्नेय आशियातील कित्येक जातींच्या कोयीतून एकाहून अधिक अंकुर निघतात आणि त्यांतील बहुतेक मातेचीच प्रतिकृती असतात. त्यांतून संकरज अंकुर ओळखून काढावा लागतो. गुणसूत्रांची संख्या ४० असून १९५० मध्ये एस. के. मुखर्जी यांनी आंबा हा प्राचीन काळी दोन भिन्न वनस्पतींच्या गुणसूत्रसंचांच्या एकत्रीकरणातून उद्भवला असावा, असे मत मांडले. तसे असल्यास एकेक काम करणारी जनुके दुहेरी संचांत असणार, आणि एखादे बंद पडले तरी दुसरे ते काम निभावणार. टोमॅटोत एका जनुकाच्या बिघाडाने पिकणे थांबते तसा आंबा सहजासहजी सापडत नाही, याचे हे एक कारण असू शकेल.

भारतीय संकरणात नीलम ही जात वारंवार पालक म्हणून घेतली गेली. ती दरवर्षी फळते व तिचे फळ टिकते. दिल्ली येथील भारतीय कृषि-अनुसंधान संस्थेतून १९७० नंतरच्या दशकात नीलम व दशहरी यांच्या संकरातून मल्लिका आणि तीच जोडी उलट करून आम्रपाली या जाती निघाल्या. मल्लिका टिकाऊपणासाठी नावाजली गेली. बंगलोर येथील उद्यानविद्या संस्थेने हापूसचा बंगनपल्लीशी संकर करून अर्का पुनीत ही टिकाऊ फळांची जात काढली. कोकणात वेंगुर्ले येथील संशोधन केंद्रातून १९८१ मध्ये नीलम व हापूस यांच्या संकराची रत्ना ही जात आणि रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ मध्ये सिंधू ही जात प्रसृत झाली. या दोहोंत साका पडत नाही. सिंधूची कोय अगदी पातळ असते, ही गोष्ट पुढे अनपेक्षितपणे अर्थपूर्ण ठरली. साक्याचे कारण जमिनीच्या उष्णतेत, चुन्याच्या कमतरतेत व इतर अनेक ठिकाणी शोधले गेले होते. २००० नंतरच्या दशकात बंगलोर येथील व्ही. रवींद्र व एस. शिवशंकर यांनी असे प्रतिपादन केले की, फळ झाडावर असतानाच हापूसची कोय रुजण्याच्या तयारीला लागते व भोवतीच्या गरातील पाणी आणि पोषकद्रव्ये ओढू लागते. त्याचा परिणाम म्हणजे साका. हे मान्य केल्यास टिकाऊपणाची काही जनुके गरात न शोधता बीजात शोधावी लागतील.

जनुकांच्या पातळीवरील शोधाला टोमॅटोने दिशा दिली. टोमॅटोतील न पिकणारा एक उत्परिवर्ती प्रकार १९६८ मध्ये वर्णिला गेला होता. त्याला कारणीभूत असलेले नियंत्रक जनुक २००२ मध्ये ओळखले गेले. असा दोष एका पालकाकडून घेतलेले संकरित टोमॅटो पुष्कळ दिवस टिकतात, पण त्यांच्या फिकेपणाची तक्रारही सर्वत्र आहे. दरम्यान १९७९ मध्ये डी. ओ. ॲडम्स व एस. एफ. यांग यांनी एथिलीन तयार होण्याच्या मार्गातील मधला टप्पा शोधून काढला व त्या मार्गावरील एंझाइमांची जनुके हाती लागणे शक्य झाले. १९९४ मध्ये अमेरिकेत पेक्टिन विरघळविणाऱ्या एंझाइमाचे जनुक दाबून टाकलेला टोमॅटो बाजारात आला, पण काही वर्षांतच तो मागे पडला. पेक्टिनाचे एकच एंझाइम रोखून फळ घट्ट राहत नाही, हा त्यातील धडा होता.

आंब्यात हाच धडा अधिक ठळकपणे दिसला. १९९० नंतरच्या दशकात मेक्सिकोतील प्रयोगशाळांत पिकताना जागृत होणारी आंब्याची जनुके वेगळी केली गेली. लखनौ येथील राष्ट्रीय वनस्पति-संशोधन संस्थेत २००५ ते २००८ या काळात दशहरी आंब्यातील गर मऊ करणाऱ्या तीन प्रथिनांची जनुके ओळखली गेली. त्यांपैकी एक कोशिकाभित्तीचे धागे सैल करते, दुसरे पेक्टिन तोडते, तिसरे सेल्युलोजावर काम करते. पहिल्याचे कार्य एथिलिनाने वाढते आणि एथिलिनाचा परिणाम रोखणारे द्रव्य दिल्यास मंदावते. म्हणजे एक संकेत व त्याच्या हुकमाखाली अनेक कामगार, अशी ही रचना आहे. सालीचे प्रकरण स्वतंत्र आहे. कच्च्या आंब्याच्या सालीत कवकरोधक रिसॉर्सिनॉले असतात व फळ पिकताना ती घटतात, हे इझ्राएलमधील डी. प्रुस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखविले. करप्याचे कवक कोवळ्या फळातच शिरून सुप्त राहते आणि हा पहारा ढिला पडताच वाढू लागते. ज्या जातीत ही द्रव्ये अधिक काळ टिकून राहतात तिचे फळ उशिरा सडते. गर मऊ पडण्याच्या वेगाशी याचा थेट संबंध नाही.

चवीच्या बाजूने पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधन महत्त्वाचे आहे. हापूसच्या वासातील लॅक्टोने व फ्यूरॅनोने ही द्रव्ये कैरीत जवळजवळ नसतात; ती पिकण्याच्या उत्तर टप्प्यात तयार होतात, असे तेथे २००९ च्या सुमारास आढळले. ज्या क्षणी फळाचा टिकाऊपणा संपत येतो त्याच क्षणी हापूस खऱ्या अर्थाने हापूस होतो. त्यामुळे एथिलिनाचा मार्गच बंद करून मिळविलेला टिकाऊपणा या जातीला महाग पडेल, असा रास्त निष्कर्ष निघतो. संकेताला हात न लावता त्याच्या खालचे एकेक काम मंद करणे हा पर्याय अधिक कष्टाचा, पण अधिक आशादायक दिसतो. आंब्याच्या कोशिकांत परके जनुक घालण्यात १९९२ मध्ये यश आले असले, तरी त्यातून आजवर व्यापारी लागवडीची एकही जात निघालेली नाही.

२०२० मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी आंब्याच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यासाठी निवडलेली जात हापूस होती. सु. ३९ कोटी बेस-जोड्यांच्या या आराखड्यात संपूर्ण जनुकसंच प्राचीन काळी एकदा दुणावल्याच्या खुणा आढळल्या. पुढच्याच वर्षी एका आंतरराष्ट्रीय गटाने टॉमी ॲटकिन्सचा आराखडा मांडून फळाच्या गुणांशी निगडित जनुकांचा मागोवा घेतला. एक फळ चवीसाठी आणि दुसरे प्रवासासाठी जगभर ओळखले जाते. आता या दोहोंची जनुके शेजारीशेजारी ठेवून ताडून पाहणे शक्य झाले. अशा खुणांच्या आधारे नको असलेली रोपे लहानपणीच काढून टाकता आली, तर संकरणातील वाट पाहण्याचा काळ व जमिनीचा खर्च पुष्कळ कमी होईल. टिकाऊपणा अनेक जनुकांवर विभागलेला असल्याने त्याच्या खुणा सालीच्या रंगासारख्या गुणांच्या खुणांइतक्या सहज हाती लागत नाहीत.

जुन्या पद्धतीचे संकरण तोवर चालूच राहिले. ऑस्ट्रेलियात मऊ व सुवासिक केन्सिंग्टन प्राइडचा फ्लॉरिडाच्या सेन्सेशनशी संकर करून कॅलिप्सो या व्यापारी नावाची अधिक टिकाऊ जात मिळविली गेली. दिल्लीच्या संस्थेने आम्रपालीचा फ्लॉरिडातील सेन्सेशन या लाल जातीशी संकर करून २००२ मध्ये पूसा अरुणिमा ही जात प्रसृत केली. तिच्यात आम्रपालीकडून नीलम व दशहरीचा आणि सेन्सेशनकडून फ्लॉरिडाचा वारसा आला आहे. पिकलेले फळ सामान्य तापमानात दहा-बारा दिवस टिकते, असे तिच्याविषयी नमूद आहे.